काळी पाच ते काळी तीन

सातवीण फुलली. काल संध्याकाळी दूध आणायला खाली उतरले आणि सोसायटीच्या गेटपाशीच तो वास अंगावर आला. आमच्या दिल्लीतल्या द्वारकेत रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ही झाडं लावली आहेत. वर्षभर त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही आणि आश्विन लागला की मात्र सगळ्या सेक्टरभर त्यांचंच राज्य. कोणाला तो वास गोड वाटतो, कोणाचं डोकं उठतं. माझी मुलगी जन्मानं आणि जिभेनं दिल्लीची. 'सातवीण' हा शब्द तिला परका आहे. ती नाक दाबून म्हणते, "आई यार, वो स्मेलवाला पेड़ फिर चालू हो गया." झाडाला बटण असावं तसं. मी हसते आणि दुधाची पिशवी हातात घेऊन उगाचच दोन फेऱ्या जास्त मारते.

मला त्या वासाबरोबर पेटीचा भाता ऐकू येतो. गणपती गेले, पितृपक्ष संपला, कूलरमधलं पाणी काढून टाकलं, रामलीलेचे भोंगे सुरू झाले की आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी पहाटेची तालीम लागायची. अजूनही लागते. तीस वर्षांत गाणारे बदलले, हॉल बदलला, चहाचे कप काचेचे होते ते कागदाचे झाले. विजयाताई साळवे मात्र तशाच होत्या आणि त्यांचं ते एक गाणंही.

हे गाणं भाऊजींचं. विजयाताईंचे यजमान प्रभाकर साळवे, त्यांना मी भाऊजी म्हणायची. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आमच्या समोरच्याच दारात ते राहायचे. मूळचे नगरचे. पेटी शिकले ते चर्चमध्ये, लहानपणी उपासनेला वाजवत वाजवत. दिल्लीत केंद्र सरकारच्या एका कचेरीत फाइली पुढे सरकवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन पेटी पुढे ओढायचे. दिवाळी पहाटेसाठी त्यांनी स्वतः लिहून, स्वतः चाल बांधून एक गाणं केलं, 'दारी पणती, दारापलीकडे पहाट'. त्यात कुठल्याच देवाचं नाव नव्हतं. दिवाळीत ते मंडळात व्हायचं आणि नाताळात चर्चमध्ये. कोणी त्यावर काही बोललं तर भाऊजी म्हणायचे, "उजेडाला कशाला आडनाव हवं हो?" आणि वर ताईंनी केलेल्या करंज्या पुढे करायचे. मग कोण कशाला बोलतंय.

गाणं ताई काळी पाचमध्ये म्हणायच्या. पेटीवरची पाचवी काळी पट्टी हा त्यांचा सा, तिथून पुढे सगळी चढाई. ती पट्टी भाऊजींनीच ठरवली होती. अंतऱ्यात 'पहाट' या शब्दावर वरचा सा लागायचा, आणि तो लागला की हॉलमधली कुजबुजणारी माणसंसुद्धा गप्प व्हायची. आपली बायको किती वर जाऊ शकते हे चारचौघांना दाखवण्याची त्यांना हौस होती. ताईंनाही ती हौस आवडायची, उगाच कशाला खोटं बोला.

आणि एका आश्विनात भाऊजींची बदली आली, शिलाँगला. दिवाळी पंधरा दिवसांवर. सरकारला आमची दिवाळी पहाट थोडीच माहीत होती! ताई म्हणाल्या, "राहू दे या वर्षी गाणं." भाऊजी म्हणाले, "बिल्कुल नाही. मी नसलो तरी साथ असेल." म्हणजे काय, तर ते पेटी टेप करून ठेवणार. आज हे काहीच नाही. मोबाइलवर हवं त्या गाण्याचा ट्रॅक मिळतो. तेव्हा मात्र आमच्या ब्लॉकमध्ये ही चंद्रावर जाण्याइतकी मोठी गोष्ट होती.

रविवारची दुपार. दोन खोल्यांचं क्वार्टर, बाहेर सरोजिनी मार्केटचा दिवाळीचा गलका. तो आत येऊ नये म्हणून खिडक्यांवर रजया टांगलेल्या. पंखा बंद, कारण त्याचा आवाज टेपमध्ये येतो. तबल्यावर भाऊजींच्या कचेरीतले बिष्टजी, गढवालचे, घामानं निथळत. झांज माझ्या हातात. मी मिनिस्ट्रीत स्टेनो, माझा तालाशी संबंध टाइपरायटरपुरता. पण दुसरं कोणी रिकामं नव्हतं. आणि ताई भाऊजींच्या समोर उभ्या, तोंड मिटून नाही, उघडून. टेपमध्ये आवाज तर यायला नको, पण गाणं कुठे थांबतं, कुठे श्वास घेतं हे पेटीला कळायला हवं. म्हणून ताईंनी सबंध गाणं नुसत्या ओठांनी म्हणायचं आणि भाऊजींनी त्या ओठांकडे बघून वाजवायचं, अशी युक्ती निघाली.

पहिला टेप वरच्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्टीनं घालवला. दुसऱ्याच्या वेळी भांडीवाली आली. तिसरा सुरू झाला. भाऊजींनी बटण दाबलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "हं, विजया. चार मात्रा सोड. एक, दोन, तीन, चार." पेटी सुरू झाली. ताईंचे ओठ हलत होते, मान वर होत होती, गळ्याची शीर फुगत होती, आणि आवाज मात्र नाही. अंतरा आला. 'पहाट'वर त्यांनी डोळे मिटले, हात वर नेला. त्या न लागलेल्या वरच्या सावर भाऊजी भान हरपून म्हणाले, "वा!"

सगळ्यांना गप्प बसवणारा माणूस स्वतःच बोलला. मी इतकी दचकले की झांज भलत्याच जागी वाजली, समेच्या चांगली दीड मात्रा आधी. बिष्टजींनी माझ्याकडे असं पाहिलं की आजही आठवलं तरी कान गरम होतात. गाणं संपलं. परत करायला हवं होतं, पण बिष्टजींना कोणाकडे तरी जायचं होतं आणि भाऊजींची ट्रेन दुसऱ्या दिवशी सकाळची. "चलता है," बिष्टजी म्हणाले. तेच चाललं. पुढे इतकी वर्षं चालेल असं तेव्हा कोणाला वाटलं होतं!

त्या टेपच्या नाना परी झाल्या. पहिल्याच वर्षाअखेर टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झाला. एक दिवस ताईंनी गाणं लावलं तर सूर खाली गेलेला, लय रेंगाळलेली, आणि भाऊजी रेड्यावर बसून आल्यासारखे म्हणताहेत, "हं-अ-अ, वि-ज-या-आ." आम्ही दोघी हसून हसून जमिनीवर बसलो. ताईंनी शिलाँगला पत्र टाकलं. उत्तर आलं, "टेपच्या मागे एक बारीक भोक आहे. आत स्क्रू आहे. पेटीवर काळी पाच धरून ठेव आणि सूर जुळेपर्यंत तो फिरव. माझा आवाज माझ्यासारखा वाटला की थांब." मी भाता हलवला, ताईंनी एका हातानं पट्टी दाबली, दुसऱ्या हातात पेचकस. भाऊजी हळूहळू रेड्यावरून उतरले आणि माणसात आले.

तीन वर्षांनी ते स्वतःच परत आले आणि टेप कपाटात गेली. काही वर्षं पुन्हा खरी पेटी, खरं 'वा'. मग एका जानेवारीत, धुक्यातल्या सकाळी, बसस्टॉपवर छातीत कळ येऊन भाऊजी गेले. चोपन्न वर्षांचे होते. त्यांचे सगळे केस काळे होते हे मला का कोण जाणे, पण फार लागलं.

दोन दिवाळ्या ताई हॉलमध्ये आल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी सातवीण फुलली तेव्हा त्यांनी मला दारातून हाक मारली, "नीला, तो टेपवाला स्क्रू फिरवायला येतेस का?" तेव्हापासून दर दिवाळीला ताई आणि टेप. मंडळालाही सवय झाली. माणसं 'वा'ची वाट बघायची. त्यानंतर माझी ती चुकलेली झांज आली की सगळा हॉल एकदम टाळी वाजवायचा, चुकीच्याच जागी, अगदी एका मापात. नव्यानं बदलून आलेली कुटुंबं पहिल्या वर्षी गोंधळायची, दुसऱ्या वर्षी टाळीत सामील व्हायची. माझ्या चुकीची अशी रीत झाली. ऑफिसात तेहतीस वर्षं बिनचूक टायपिंग केलं, त्याची कोणी आठवण ठेवली नाही.

पुढे क्वार्टर सुटलं. ताई मुलीबरोबर द्वारकेत आल्या, मागोमाग आम्हीही आलो. टेपची सीडी झाली, सीडीचा पेन ड्राइव्ह झाला. स्क्रू गेला. गाणं कायमचं काळी पाचमध्ये पक्कं झालं, आणि घोटाळा तिथेच झाला. कारण पेन ड्राइव्ह म्हातारा होत नाही आणि गळा होतो.

मी सांगतेय तो चार वर्षांपूर्वीचा आश्विन. त्याच्या आदल्या दिवाळीला 'पहाट'वर ताईंचा आवाज फाटला होता. हवेत धूर इतका की श्रोतेच खोकत होते, त्यामुळे कोणाला फारसं कळलं नाही. पण त्यांना कळलं. त्यांनी माइक हळूच तोंडापासून दूर नेला आणि वरचा सा नुसत्या ओठांनी म्हटला, त्या रविवारसारखा. टेपमधून 'वा' आलाच. मी पहिल्या रांगेत होते. मला वर बघवेना.

म्हणून त्या वर्षी तालमीची तारीख सांगायला गेले तर ताई म्हणाल्या, "या वर्षी मी नाही. चौऱ्याहत्तरावं लागलंय गं मला. आता पुरे."

"पट्टी उतरवू या की," मी म्हटलं.

"आणि साथ कोण करणार? हार्मोनियमवाला आणलास तर मी बिल्कुल गाणार नाही, सांगून ठेवते. मी यांच्याशिवाय कोणाबरोबर हे गाणं म्हटलेलं नाही."

"यांच्याच पेटीची पट्टी उतरवते. लॅपटॉपवर होतं आता. लय तीच राहते, सूर तेवढा खाली येतो."

ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू भाऊजींना निरोप पाठवण्याची व्यवस्था करतेय. मग हळूच म्हणाल्या, "करून बघ. पण नीट कर हं."

पट्टी उतरवण्याबद्दल बायकांना जरा लाजच वाटते, असं मी इतकी वर्षं तालमी बघून शिकले. वजन वाढलं सांगतील, साखर वाढली सांगतील. 'हल्ली मी काळी चारमध्ये गाते' हे सांगताना आवाज आपोआप बारीक होतो. मी म्हणते, त्यात काय? गाणं तेच राहतं, सुरांमधली अंतरं तीच राहतात, फक्त उभं राहायची जागा जरा खाली येते. मी स्वतः स्कूटरवरून मेट्रोवर आले, मेट्रोच्या जिन्यावरून लिफ्टवर आले. ऑफिसला पोचत होते तोवर कोणी मला हार मानलीस असं म्हणालं नाही.

निवृत्तीनंतर मी लॅपटॉपवर आवाजाची कापाकापी शिकले होते. घरी येऊन बसले. एक घर खाली, पांढरी सहा. दोन घरं, काळी चार. तीन, पांढरी पाच. ताईंना फोनवर गुणगुणायला लावून अंदाज घेतला होता. चार घरं खाली, काळी तीन, तिथे 'पहाट' आरामात लागणार होती. पेटी छान उतरली, थोडी जाडसर झाली इतकंच. तबला जरा ओलसर वाटला. माझी झांज ताटलीवर डाव आपटल्यासारखी. ते सगळं चाललं असतं.

पण भाऊजी. "हं, विजया," असं जो कोणी म्हणाला तो भाऊजी नव्हताच. जड, घोगरा, कोणीतरी भलताच माणूस ताईंना नावानं हाक मारत होता. मी लॅपटॉप बंद केला. सैल पट्ट्याच्या वेळी आम्ही हसलो होतो, कारण तेव्हा खरा आवाज शिलाँगला सुखरूप होता. आता या आवाजावर कोण हसणार? आणि ताईंना हा ऐकवायचा कसा?

आठ दिवस मी त्यावर बसले. सुरुवातीचं बोलणं सोपं होतं. तिथे मागे पेटी नव्हती, मी ते जुन्या सुरातलं कापून नव्याला जोडलं. 'वा' मात्र हाती येईना. तो पेटी-तबल्यात इतका मिसळला होता की त्याला उचललं तर खालची जुनी काळी पाचही सोबत यायची आणि मधेच गाणं ठेचकाळायचं. शेवटी दुसरीकडचा तेवढाच तुकडा आणून मी 'वा' बुजवला. त्या तुकड्याखाली माझी चुकलेली झांजही बुजली. ट्रॅक साफ झाला, एकदम साफ. तीस वर्षांनी माझी चूक पुसली गेली आणि मला आनंद झाला, हे कबूल करते. अगदी गुदगुल्या झाल्या.

संध्याकाळी ई-रिक्षानं ताईंकडे गेले. त्यांची मुलगी ऑफिसातून यायची होती. ताईंनी खिडकी उघडी ठेवली होती, सातवीण आत येत होती. मी स्पीकर जोडला. "हं, विजया. चार मात्रा सोड." ताईंनी मान हलवली आणि गायला लागल्या. आवाज भरून आला. गेल्या कित्येक वर्षांत ऐकला नव्हता असा, खालच्या अंगाचा, उबदार. अंतरा आला. 'पहाट' लागली. कुठेही चिरली नाही. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. ताई वरच्या सावर थांबल्या, डोळे मिटून थांबल्या, आणि थांबूनच राहिल्या. पेटी पुढे निघून गेली.

"थांबव," त्या म्हणाल्या. "वा कुठे गेला?"

मी सगळं सांगितलं. घोगरा आवाज, कापाकापी, बुजवलेला तुकडा.

"म्हणजे तो तू काढलास?"

"ताई, तो त्यांचा वाटत नाही हो. ऐकवत नाही. आधीचं तेवढं जुनंच ठेवलंय."

"आधीचं त्यांचं आणि मधलं कोणाचंच नाही, असं कसं चालेल? मी इतकी वर्षं त्या 'वा'च्या जोरावर वर चढते, नीला. पट्टी गेली तरी चालेल मला. लाव तो."

"ताई..."

"लाव म्हणते ना."

मी पहिला, न कापलेला ट्रॅक लावला. जड, घोगरा आवाज खोलीत आला. "हं, विजया. चार मात्रा सोड. एक, दोन, तीन, चार." ताई गायल्या नाहीत, नुसत्या ऐकत बसल्या. पुढे 'वा' आला, छातीतून निघाल्यासारखा, दम लागलेल्या माणसाचा. लगेच माझी ताटली वाजली. गाणं संपलं. त्या म्हणाल्या, "परत." मी परत लावलं. "परत." तिसऱ्यांदा त्यांच्या ओठांवर हसू आलं आणि गालांवरून पाणीही. मी उठून त्यांचा हात धरला.

"म्हातारे झालेत गं," त्या म्हणाल्या. "बघ ना. आत्ता असते तर अस्सेच बोलले असते. त्यांच्या वडिलांचा आवाज उतारवयात असाच झाला होता, अगदी हाच. मी कितीदा मनात करून बघितलंय, हे सत्तरीचे झाले असते तर कसे वाटले असते, पण काही केल्या ऐकू यायचे नाहीत. दर दिवाळीला मी एक वर्षानं मोठी आणि हे आपले तिथेच, काळे केस घेऊन. मला तर हल्ली त्यांच्याबरोबर गायला लाज वाटायची."

आठ दिवस खपून मी जे बुजवलं होतं तेच त्यांना हवं होतं. आणि माझी चूकसुद्धा हवी होती. "झांज राहू दे हं," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "नाहीतर लोक टाळी कुठे वाजवतील?"

दिवाळी पहाटेला स्वेटरांना डांबराच्या गोळ्यांचा वास होता, बाहेर धूर होता, आणि ताईंनी आबोली रंगाची साडी नेसली होती. घोगरा आवाज स्पीकरमधून आला तेव्हा जुनी माणसं क्षणभर चमकली. मग ताई गायल्या. 'पहाट' लागली, 'वा' आला, ताटली वाजली आणि हॉलनं चुकीच्या जागी टाळी दिली. माझ्या मागे बसलेल्या एका नव्या बाईंनी वाकून विचारलं, "ये अंकल कौन बोल रहे हैं?"

"ताईंचे मिस्टर," मी म्हटलं.

"अच्छा, पर्दे के पीछे बैठे हैं? काफी एज्ड लगते हैं."

मी मान हलवून हो म्हटलं. खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही.

काल दूध घेऊन वर आले तर फोन वाजत होता. ताईच होत्या. त्यांच्या खिडकीशीही वास पोचला होता.

"नीला, फुलली ना? मग लॅपटॉप काढ. या वर्षी अर्धा सूर अजून खाली घे."

मी घाबरून विचारलं, "का हो? काळी तीन झेपत नाही का आता?"

"मला झेपते गं व्यवस्थित," त्या म्हणाल्या. "पण चार वर्षं झाली, त्यांचंही वय वाढलं असेल ना."